गुरुवारची गाणी आणि बंद केलेला ग्राइंडर

आधी एक खुलासा. मी दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावते, चार वर्षं झाली. त्यामुळे 'साउंड छान होता', 'माहौल मस्त होता' असल्या शेऱ्यांवर माझं भागत नाही. कुठे बसायचं, पाठीमागे काय वाजत असतं, गाणाऱ्याचं तोंड उजेडात असतं का, हे सगळं मला लागतं आणि तेच मी इथे लिहिणार आहे. ज्यांना फक्त कॉफी कशी आहे एवढंच हवंय त्यांनी थोडं खाली उतरावं. कॉफीबद्दलही एक तक्रार आहे.

चष्मा लावला की दिसतं, तसं यंत्र लावलं की ऐकू येतं, अशी लोकांची समजूत असते. माझीही होती. प्रत्यक्षात माझे कान वरच्या पट्टीत गेलेत. स्वर कळतात, व्यंजनं निसटतात. 'स', 'श', 'फ' या आवाजांचा मोठा भाग २,००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) वर असतो, 'स'चा तर ४,०००च्याही वर, आणि नेमका तिथेच माझ्या ऐकण्याच्या आलेखाला उतार लागतो. 'सात' आणि 'हात' मला सारखेच. शांत खोलीत यंत्र हे बरंचसं भरून काढतं. गजबजलेल्या जागी मात्र शेजारच्या टेबलावरचं हसणं, चमचे, सरकणाऱ्या खुर्च्या, हेही तितक्याच इमानेइतबारे मोठं करून कानात ओततं. म्हणून बाहेर बसून काही ऐकणं मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

भाचीनं या कॉफी शॉपच्या गुरुवारच्या अकूस्टिक, म्हणजे विजेच्या वाद्यांशिवायच्या, संध्याकाळींना तीनदा बोलावलं, तीनदा मी टाळलं. चौथ्यांदा ती दारातच येऊन उभी राहिली. "मावशी, एक गाणं ऐक. नाही आवडलं तर तिथल्या तिथे उठू. मी पण उठेन."

आत पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी ग्राइंडर सुरू झाला. ज्यांच्या कानात यंत्र नाही त्यांना तो आवाज 'कॉफी शॉपचा आवाज' वाटतो. मला तो दाताच्या डॉक्टरांकडचा वाटतो. मी वळणारच होते, पण भाचीनं दंड धरला होता.

साडेसात वाजता काउंटरमागच्या मुलानं तीन गोष्टी केल्या. वरच्या स्पीकरमधलं रेकॉर्डेड संगीत बंद केलं. ग्राइंडरची पिन काढली, नुसतं बटण नाही, पिनच. आणि मोठे दिवे मंद केले. कुणी 'कृपया शांतता राखा' म्हटलं नाही, पाटी लावलेली नाही. तरी खोली हळूहळू खाली बसली, धूळ बसते तशी. मग गिटारची सर्वांत जाड तार वाजली. ती ८२ हर्ट्झच्या आसपास असते आणि खालच्या पट्टीत माझे कान शाबूत आहेत. चार वर्षांत पहिल्यांदा मला एखादं वाद्य यंत्रातून नाही, समोरून येतंय असं वाटलं.

त्याला आता सात महिने झाले. मी एकूण बावीस गुरुवार गेले आहे, म्हणजे हे मत पहिल्या भेटीच्या भरात लिहिलेलं नाही.

जागेविषयी. खोली लांबट आहे. रस्त्याच्या बाजूला पूर्ण काच, डाव्या हाताला उघड्या विटांची भिंत, मागे छतापर्यंत पुस्तकांचं कपाट. काच आवाज परत फेकते, पुस्तकं तो विस्कटून आणि पिऊन टाकतात. म्हणून काचेजवळच्या टेबलांवर (दिसायला तीच सर्वांत सुंदर, फोटो सगळे तिथलेच) शब्द दोनदा ऐकू आल्यासारखे होतात आणि कपाटाजवळ स्पष्ट. स्टेज वगैरे नाही. एक गालिचा, एक उभा दिवा, दोन स्टुलं, दांड्यावर एक छोटा स्पीकर. त्यातून बहुतेक वेळा फक्त गळा येतो. गिटार तशीच, लाकडातून. बसायला तीसेक खुर्च्या, त्यातल्या आठ बिनपाठीची उंच स्टुलं. दोन तास त्यावर बसून दाखवावं, मग बोलावं.

आता ग्राइंडरचं गणित, कारण या दुकानाची खरी करामत तीच आहे. दळलेल्या कॉफीचा वास भराभर उडतो, म्हणून चांगल्या ठिकाणी ऑर्डर आल्यावरच दळतात. गाण्याच्या वेळी दळायचं नाही म्हटलं की पंचाईत. ही मंडळी सव्वासातला वीस-पंचवीस छोट्या डब्यांत एकेका कपापुरती कॉफी दळून झाकणं लावून ठेवतात. मध्यंतरात पुन्हा तेवढीच. मशीनचा एस्प्रेसो उतरायला पंचवीस-तीस सेकंद लागतात आणि पंपाची घरघर सोडली तर तो फार बोलत नाही. दूध वाफवणारी नळी मात्र फुत्कारते, म्हणून दुधाच्या ऑर्डरी दोन गाण्यांच्या मध्ये होतात. आणि एस्प्रेसो काढल्यावर मशीनच्या दांडेवाल्या गाळणीतला चोथा डब्याच्या आडव्या दांडीवर आपटून पाडतात, तो 'ठक्'? तो टाळ्यांसाठी राखून ठेवलेला असतो. गाणं संपतं, टाळ्या सुरू होतात आणि काउंटरमागून चार वेळा ठक्, ठक्, ठक्, ठक्. पहिल्यांदा मला वाटलं कुणी खास दाद देतंय.

याची किंमत कॉफी मोजते. गुरुवारचा एस्प्रेसो इतर दिवसांपेक्षा बोथट असतो, वास कमी, शेवटी किंचित कडवट. डबा पाऊण तास आधी भरलेला आहे हे जिभेला कळतं. दुधाची कॉफी मागितली तर एक-दोन गाणी थांबावं लागतं. ज्यांना कॉफीच प्यायची आहे त्यांनी मंगळवारी जावं. गुरुवारी कोल्ड ब्रू घ्या. तो बारा-पंधरा तास आधीपासून थंड पाण्यात मुरलेला असतो, नुसता ओतायचा, ना दळणं ना वाफ. मी तोच घेते. सुरुवातीला सोय म्हणून घेत होते, आता आवडायला लागला.

ऑर्डर देण्याची पद्धत मला विशेष आवडली. गाणं चालू असताना वेटर जवळ येऊन काही विचारत नाही. टेबलावर छापील कार्ड आणि पेन्सिल असते, खूण करायची, कार्ड उभं ठेवायचं. तो येतो, बघतो, मान हलवतो. काही शंका असली तर बोटानं दाखवतो. एरवी कुठल्याही काउंटरवर मी "काय म्हणालात?" तीनदा विचारते आणि चौथ्यांदा लाजून काहीही चालेल म्हणते, ते इथे होत नाही. दोन तास अख्खी खोली खाणाखुणांवर चालते. गुरुवारी सगळेच माझ्यासारखे होतात.

गाणारे कोण असतात? नामवंत नाहीत. बहुतेक नोकरी सांभाळून गाणारे, काही विद्यार्थी, एक निवृत्त गृहस्थ बासरी घेऊन येतात. गुणवत्ता वरखाली. काहींचा सूर पक्का असतो पण सगळी गाणी तीनच कॉर्डवर, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांच्या त्याच तीन जुळण्यांवर. प्रेमभंग फार. एका संध्याकाळी ओळीनं सहा प्रेमभंग झाले, सातव्याला भाची म्हणाली, "आता याचं तरी जमू दे." पण चांगली संध्याकाळ असली की ती किती चांगली असते, याचा एक नमुना सांगते.

मार्चमधला गुरुवार होता. एक मुलगा गिटारवर, एक मुलगी गायला. मी पहिल्या रांगेत, दोन हातांवर. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात टणकन् आवाज झाला आणि तिसरी तार तुटून त्याच्या मनगटावर आली. नेहमीच्या हलक्या संचात गुंडाळी असलेल्या तारांमध्ये ही सर्वांत बारीक, आतला गाभा तर केसासारखा, म्हणून ती बरेचदा दगा देते. त्यानं वर पाहिलं. मुलगी थांबलीच नाही. तिनं माइकपासून एक पाऊल मागे घेतलं आणि कडवं तसंच, साथीशिवाय, माइकशिवाय चालू ठेवलं. तो खाली बसला. गिटार मांडीवर आडवी घेतली, खालच्या पुलावरची खुंटी उपटली, पिशवीतून नवी तार काढली, गोळीचं टोक भोकात सोडलं, खुंटी दाबली, दुसरं टोक वर ओवून चावी फिरवायला लागला. तार चढली, त्यानं ती बोटांनी दोनदा लाकडापासून दूर ओढली. नवी तार अशी ताणून घेतली नाही तर गाणंभर उतरत राहते. मग गिटारच्या डोक्याला चिमटा लावला. हा चिमट्याचा ट्यूनर हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडाची थरथर मोजतो, त्यामुळे ती शेजारी गात असूनही त्याचं काम अडलं नाही. पुन्हा ओढली, पुन्हा चढवली. चार मिनिटं गेली असतील. तोवर तिनं आणखी एक पूर्ण गाणं एकटीनं म्हटलं आणि त्यातला प्रत्येक शब्द, 'स' आणि 'श'सकट, मला कळला. खोलीत तिच्या आवाजाशिवाय काही नव्हतंच. मागच्या टेबलावर कुणाचा तरी कप बशीत टेकला, तेवढाच.

तार लावून झाल्यावर त्यानं तिच्या सुरात अलगद पहिली कॉर्ड सोडली तेव्हा गाता गाता मुलगीच अर्ध्या स्वरानं खाली आलेली निघाली. दोघं हसली. आम्हीही.

आता उलट बाजू. याच दुकानात शनिवारीही गाणी असतात. ड्रमचा संच, दोन मोठे स्पीकर, इलेक्ट्रिक गिटार. एकदा गेले, दहा मिनिटांत बाहेर. माझ्या कानांमुळे नव्हे, किंवा फक्त त्यामुळे नव्हे. आवाज मोठा असला की माणसं नकळत आपला आवाज चढवतात. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये ही गोष्ट मांडली आणि आजही तिला त्यांचंच नाव आहे. शनिवारी ती डोळ्यांसमोर घडते: बँड वाढतो, म्हणून टेबलं ओरडतात, टेबलं ओरडतात म्हणून बँड वाढतो. फोनवरचं आवाज मोजायचं मीटर फार भरवशाचं नसतं, पण अंदाज येतो. शनिवारी ९५ डेसिबलच्या पुढे गेलेलं पाहिलं, गुरुवारी गाणं चालू असताना ६५ ते ७२. संगीताच्या जागांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये जे मानक आणलं त्यात सरासरी कमाल १०० डेसिबल आहे. म्हणजे शनिवार नियमात बसतो. माझ्या यंत्रात बसत नाही. ती बोलण्यासाठी बनवलेली असतात, बोलण्याच्या मानानं फार मोठा आवाज आत शिरला की तो दारातच चेपला जातो, मग पुढे काहीही करा, फाटकाच ऐकू येतो.

यंत्र वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, बाकीच्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. एक: जाण्याआधी आपल्या ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवण तपासून यंत्र जुळवून देणाऱ्यांकडून) संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घ्या. नेहमीचा प्रोग्रॅम लांब, स्थिर सुराला यंत्राची शिट्टी समजतो आणि तो खोडायला जातो. बासरीवाल्या गृहस्थांनी एक सूर लांबवला तेव्हा माझ्या कानात तो थरथरत, पाण्यातून आल्यासारखा आला. मी मनातल्या मनात त्यांना बेसूर ठरवून मोकळी झाले होते. पुढच्या वेळी शिट्टी खोडणारी आणि गोंगाट कमी करणारी अशा दोन्ही सोयी बंद केलेला प्रोग्रॅम लावून गेले. ते गृहस्थ सुरातच होते. मी माफी मागितली, त्यांना कशाबद्दल ते कळलं नाही. दोन: जादा बॅटरी जवळ ठेवा. माझी ३१२ नंबरची, तपकिरी चिकटपट्टीवाली. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मग घालायची असते आणि ते मिनिट नेमकं सर्वांत आवडत्या गाण्यात येतं. बॅटरी संपत आल्याची टुणटुण फक्त मलाच ऐकू येते, पण मी दचकते ते सगळ्यांना दिसतं.

कॉफी आणि गाणं ही जोडी आजच्या फोटोवाल्यांनी लावलेली नाही, हे जाता जाता. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये झिमरमान यांच्या कॉफीघरात कलाकारांचं मंडळ वाजवायचं आणि १७२९ पासून ते संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या हाताखाली होतं. १७३४च्या सुमारास बाखनं कॉफीवरच एक छोटी विनोदी संगीतरचना केली: मुलीचं कॉफीचं वेड सोडवायला निघालेला बाप आणि त्याला पुरून उरणारी मुलगी. तिची सुरुवात कशानं होते? निवेदक श्रोत्यांना सांगतो, गप्प बसा, बडबड थांबवा. जवळजवळ तीनशे वर्षं झाली, गाणाऱ्याची पहिली अडचण बदललेली नाही. अमेरिकेत नॅशव्हिलला ब्लूबर्ड कॅफे म्हणून १९८२ पासूनची एक जागा आहे, शंभरच्या आत खुर्च्या, तिथे बोलणाऱ्याला सरळ 'शूऽऽ' करतात. आमच्या या दुकानात 'शूऽऽ' करत नाहीत. इथे मालक स्वतः आधी गप्प होतात.

तक्रारी लिहितेच, नाहीतर कुणाला वाटेल दुकान माझ्या नात्यातलं आहे.

स्वच्छतागृहाच्या दाराला तेल नाही. सात महिने सांगतेय. दर गुरुवारी हळव्या कडव्याला कुणीतरी जातंच आणि दार 'कीऽऽच' म्हणतं. काउंटरवरच्या कार्डाच्या मशीनची 'टीं'सुद्धा बंद करता येते, ती अजून केलेली नाही.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी ओपन माइक असतो, नाव नोंदवून कुणीही गावं. कल्पना चांगली, संध्याकाळ लांबलचक. प्रत्येक जण आपली गिटार थंड एसीतून गरम दिव्याखाली आणतो, तारा उबेनं सैलावून उतरतात, मग प्रत्येकाचं नव्यानं जुळवणं. मागच्या वेळी नऊ जण गायले, त्यात वाजवण्यापेक्षा जुळवणं जास्त झालं असावं. माइकची शिट्टीही त्याच दिवशी होते, कारण प्रत्येक नवखा माइक हातात घेऊन स्पीकरच्या समोर जातो. माइक स्वतःचाच आवाज पुन्हा ऐकतो आणि किंचाळतो. माझ्या यंत्रात हेच होतं, म्हणून मला त्याची दया येते, पण कान झाकावेच लागतात.

दिव्याबद्दल सांगायला हवं. पहिले दोन महिने उभा दिवा गाणाऱ्याच्या मागे असायचा. दिसायला फार सुरेख, केसांना सोनेरी कड वगैरे. पण चेहरा काळोखात. मला अर्धे शब्द ओठांवरून कळतात, ते गेले. मी धीर करून मालकांना म्हटलं, "दिवा पुढे घेता येईल का? मला तोंड दिसत नाही."

ते म्हणाले, "काकू, फोटो बिघडतात हो."

मी म्हटलं, "बरं."

पुढच्या गुरुवारी दिवा पुढे होता, जरा बाजूला, तिरका. फोटोंचं काय झालं माहीत नाही.

गाणाऱ्यांना दुकान ठरलेली रक्कम देतं आणि काउंटरवरची काचेची बरणी पूर्ण त्यांची, हे मी विचारून घेतलं आहे. बरणी बहुतेक वेळा अर्धीही भरत नाही. टाळ्या भरपूर वाजतात.

जाणार असाल तर सातला पोचा, साडेसातला जागा मिळत नाही. दुधाची कॉफी हवी असेल तर आल्या आल्या सांगा. काचेजवळ फोटो काढा आणि मग उठून कपाटाजवळ या. डावीकडून दुसऱ्या खांबाला टेकलेली पाठीची खुर्ची ऐकायला सर्वांत चांगली आहे. गुरुवारी तिच्यावर माझी शाल असते.